नावाबरोबर आलेलं दुखणं

माझं नाव आई सोडून सगळे घ्यायचे. वडील घ्यायचे, चारही बहिणी घ्यायच्या, समोरचा शिंपी, शेजारचा गिरणीवाला, कारखान्याकडं उसाच्या गाड्या नेताना तंबाखूला थांबणारे गाडीवान, सगळे "ईराप्पा, ईराप्पा" करून गल्ली डोक्यावर घ्यायचे. आई मात्र "बाळू" म्हणायची. याचं कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. ईराप्पा हे तिच्या सासऱ्याचं, म्हणजे माझ्या अज्जाचं नाव. आमच्या लिंगायत घरांत आजोबा गेले की पहिल्या नातवाला त्यांचंच नाव ठेवायचं, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे दोन्ही रिवाज एकाच छपराखाली सुखानं नांदतात. मग त्या सुनेनं पोटच्या पोराला हाक कशी मारायची, याचा विचार रिवाज घालणाऱ्यांनी केला नव्हता. शिव्या देतानासुद्धा तिची पंचाईत व्हायची. बहिणींना ती नावं घेऊन फैलावर घ्यायची. माझी पाळी आली की "ए... ए मुडद्या" म्हणून अडायची आणि पोराला मुडद्या म्हटलं म्हणून लगेच स्वतःच्याच गालावर चापट मारून घ्यायची. मला वाटायचं, सासऱ्याचा मान फारच राखते बाई.

आमचं घर कसबा बावड्यात. पुढं किराणा दुकान, मागं दोन खोल्या, त्याच्या मागं परसात एक म्हैस. सकाळी अण्णा, म्हणजे वडील, लिंगपूजा करून, कपाळाला विभूती ओढून दुकानाच्या फळ्या काढायचे, त्या फळ्यांच्या खडखडाटानं आम्हाला जाग यायची. मग कारखान्याचा भोंगा. गळिताच्या हंगामात मळीचा वास असा भरून राहायचा की पाहुणे नाकाला पदर लावायचे आणि आम्हाला कळायचंच नाही की यांना झालंय काय. आई चुलीपुढं बसून कडक भाकरी करायची, पापडासारखी पातळ, आणि ती टोपलीत रचून ठेवायची. शाळेतनं आलो की भाकरी मोडायची, तिच्यावर शेंगाची चटणी, दही, जमलं तर गुळाचा खडा, आणि दुकानातल्या ज्वारीच्या पोत्यावर बसून खायचं. आता डॉक्टरनं गूळ बंद केलाय. दही चालतं म्हणतो, पण गूळ नसेल तर दह्याला काय अर्थ आहे, हे त्याला कोण सांगणार.

अण्णांचा हात म्हणजे बावड्यात दाखला होता. तराजू उचलला की पारडं हलायचं नाही. साखर घालताना मुठीतनं बारीक धार सोडायचे आणि काटा मधोमध आला की धार जागच्या जागी तुटायची. बायका म्हणायच्या, "अण्णांच्या तराजूला झोप लागती." मला ते बघायला फार आवडायचं. पण मी तराजूला हात लावायचा नाही, असा घरात न बोललेला कायदा होता. तेलाच्या डब्याला तर नाहीच. गिऱ्हाईक बाटली घेऊन आलं आणि अण्णा जेवत असले, तर बहिणींपैकी कुणीतरी धावत यायची, नरसाळं लावायची, तेल ओतायची. मी गल्ल्यावर ढिम्म बसलेला. आणखी एक गोष्ट होती. घरात सगळ्यांना चहा काठोकाठ असायचा, बशीत सांडेल इतका. माझा कप मात्र अर्धा. दुसऱ्यांदा मागितला तर दुसऱ्यांदाही अर्धाच. मी भांडायचो, बहिणी आईकडं बघायच्या आणि आई चुलीकडं बघायची.

याचं कारण मला थोरल्या बहिणीनं सांगितलं, तेही रागाच्या भरात. मी तिची बांगडी फोडली होती. ती ओरडली, "तुझा अज्जापण असाच हात झाडून सांडलवंड करायचा, तूबी तसाच होणार!" आई हातातली भाकरी टाकून उठली आणि तिच्या पाठीत असा धपाटा घातला की विचारू नका. पण तोंडातून निघालं ते निघालं. मग हळूहळू तुकड्यातुकड्यांनी सगळं कळलं. अज्जा याच दुकानात बसायचा. चाळिशीला आला आणि तेल ओतताना हात उडायला लागला. थरथर नव्हे, उडायचाच, कुणी दोरीनं ओढल्यासारखा. मग खांदा उडायला लागला, मग तोंड वाकडंतिकडं व्हायला लागलं, चालताना झोकांड्या जायला लागल्या. गळ्यात लिंग बांधलेला माणूस, आयुष्यात थेंबाला शिवला नाही, आणि लोक म्हणायला लागले, ईराप्पा पितो. शेवटी शेवटी माणसं ओळखेना. खांबाला टेकवून बसवलं तरी हातपाय आपापले नाचत असायचे. मी जन्मायच्या आधीच तो गेला.

आणि हे त्याच्यापुरतं नव्हतं. आमचं मूळ गाव सीमेपलीकडं, तिथं अज्जाचा अज्जा होता, त्याचंही नाव ईराप्पा. तोही असाच नाचत नाचत गेला, असं गावातली म्हातारी माणसं सांगायची. अज्जाच्या वडिलांना मात्र काहीच झालं नव्हतं. झालं, घरातल्यांनी हिशेब मांडला: हे दुखणं एक पिढी सोडून येतं आणि येतं ते ईराप्पालाच येतं. नावाबरोबर येतं. अज्जाला आलं, अण्णा सुटले, आता पुढचा ईराप्पा कोण? चार पोरींच्या पाठीवर नवसानं झालेला मी. म्हणून तराजू नाही, तेल नाही आणि चहा अर्धा: सांडायलाच नको, म्हणजे बघायलाच नको. आता तुम्ही म्हणाल, इतकं माहीत होतं तर तेच नाव ठेवलं कशाला? अण्णांच्या मनात नव्हतं. पण अज्जी तेव्हा जिवंत होती. ती म्हणाली म्हणे, "नवऱ्याचं नाव बुडवलासा तर मी अन्न सोडीन." पुढं काही चाललं नाही.

तेव्हापासून मी माझ्या हातांवर पहारा ठेवून जगलो. पोरं विटीदांडू खेळायची, मी मनातल्या मनात बघायचो की दांडू सरळ पडला का वाकडा. ठेच लागली की थांबून पायाकडं बघायचो. अंगठ्यावर काड्यापेटी उभी करून ती पडते का बघत बसायचो. परसात म्हशीपुढं हे चालायचं, कारण घरात बघणारे फार. मी आयटीआयला टर्नरचा कोर्स घेतला, तोसुद्धा हट्टानं. हाताला हात दाखवायचा म्हणून. शिरोलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लेथवर लागलो. ओतकामातनं आलेला खडबडीत भाग यंत्राला लावायचा आणि आरशासारखा गुळगुळीत करून काढायचा. केसाएवढी चूक चालायची नाही. फोरमन म्हणायचा, "पोराचा हात लई बसलाय." हे मी घरी येऊन सांगितलं की आई देवापुढं साखर ठेवायची. एवढ्याशा गोष्टीला साखर कशाला, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

मग एका दिवाळीच्या पुढंमागं माझ्या उजव्या हाताची बोटं हलायला लागली. कामावर नाही, काम संपल्यावर. सायकलची मूठ सोडली की बोटं आपली बारीक थरथर करत राहायची. मी हात खिशात घालून फिरायला लागलो. भाकरी डाव्या हातानं मोडायला लागलो. कुणाला सांगितलं नाही. झोप उडाली, कामावर चहावर चहा प्यायला लागलो, आणि थरथर वाढतच चालली. मनाशी पक्कं करून टाकलं की आलं, चाळिशीची वाटसुद्धा बघितली नाही, आलं. खोटं कशाला सांगू, परसात म्हशीच्या गळ्यात पडून मी रडलो. ती बया वैरण खात राहिली.

नेमकं त्याच वेळी निपाणीचं स्थळ आलं. अण्णा, आई, मी, असे आम्ही मुलगी बघायला गेलो. मुलगी म्हणजे गिरिजा. हिरवं लुगडं, मान खाली, पण डोळे वर, सगळं टिपणारे. तिनं चहाचा ट्रे माझ्यापुढं धरला. कप काठोकाठ भरलेले. निपाणीची माणसं सढळ हाताची. मी त्या कपाकडं बघितलं, हात खिशातच दाबला आणि म्हणालो, "मी चहा घेत नाही." अण्णांनी चमकून माझ्याकडं बघितलं. आईनं बघितलंच नाही, ती पदराचं टोक पिळत बसली. मुलीचे वडील म्हणाले, "बावड्याचा माणूस आन् चहा न्हाई? मग दूध आणा की." मी म्हणालो दूधही नको. आत्ता हे लिहिताना ही, म्हणजे तीच गिरिजा, मागं उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, "मला तवाच कळलं, ह्ये येडं काहीतरी लपवालंय." चाळीस-एक वर्षं हा टोमणा मी रोज चहाबरोबर पितोय.

घरी आलो आणि सांगितलं, मला लग्न करायचं नाही. अण्णा भडकले. "का? पोरगी लंगडी हाय का आंधळी? त्यांच्या दारात जाऊन माणसांचा अपमान करायचा व्हय?" म्हणत दुकानात गेले आणि फळ्या आपटत राहिले. मी स्वयंपाकघरात गेलो. आई चुलीपुढं होती. मी खिशातनं हात काढला आणि तिच्यापुढं धरला. नुसता धरला. बोटं थरथरत होती. तिनं बघितलं, आणि तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तरी तिचं लक्ष गेलं नाही. मग माझा हात दोन्ही हातांत दाबून धरला, पिठासकट. म्हणाली, "मी एवढं करून बी आलंच का रं?"

"एवढं म्हणजे काय केलंस तू?" मी विचारलं.

"तुझं नाव घेटलं न्हाई." ती रडायला लागली. "लोकास्नी वाटायचं मामंजींचा मान राखती. मान कसला डोंबलाचा! तसं तर गावभर बायका पोरांची नावं घेत्यात आन् शिव शिव म्हणून मोकळ्या हुत्यात. मला भ्या वाटायचं. त्या नावानं मी हाक मारली आन् तुझ्या आदी त्या दुखण्यानंच ओ दिली तर?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की भितोय तो मी एकटाच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मलकापूरहून शिवानंद आला. शिवानंद म्हणजे माझा आतेभाऊ. अण्णांची थोरली बहीण, आमची आत्ती, मलकापूरला दिली होती. माहेरी तिचं नाव गंगव्वा, सासरी लग्नात बदलून पार्वती केलेलं. लांबचा घाटाकडचा रस्ता, येणंजाणं कमी, त्यात मधली काही वर्षं कसल्याशा रुसव्यात गेलेली. शिवानंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मामा, आईला लागिर झालंय म्हणत्यात. हात उडतोय, तोंड वाकडं करती, चालताना पडती. देवऋषी केला, कोंबडं उतरलं, काय उपेग न्हाई. आता आजीनं तिला सोप्यात बसवायचंबी बंद केलंय, लोक हसत्यात म्हणून." अण्णांच्या हातात तेव्हा तराजू होता. त्यांनी तो खाली ठेवला. त्याच दिवशी शिवानंदबरोबर एसटीनं गेले. परत आले ते दुकानात न येता थेट आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "आक्काला अप्पाचं झालंय. डिट्टो तेच." अप्पा म्हणजे त्यांचे वडील, माझा अज्जा.

आई म्हणाली, "अय्यो, त्यांचं नाव कुठं ईराप्पा हाय?"

हाच तर प्रश्न होता. आमच्या सगळ्या हिशेबात पोरी धरल्याच नव्हत्या. पोरगी दिली, नाव बदललं, घर बदललं, म्हणजे दुखणं आमच्या उंबऱ्याच्या आत राहिलं, असं आम्ही धरून चाललो होतो. आता त्या हिशेबाला भोक पडलं, आणि पहिल्यांदा वाटली ती भीतीच. नावाला येत नाही तर मग कुणालाही येतं, चारही बहिणींना येईल, त्यांच्या पोरांना येईल. आईनं मग अण्णांना माझ्या हाताचंही सांगून टाकलं. अण्णांनी फळ्या लावून दवाखाना गाठला. बावड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की मिरजेला मेंदूचे एक मोठे डॉक्टर बसतात, तिथं सगळ्यांना एकदमच न्या. मग आत्तीला आणवलं आणि आम्ही तिघं सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला निघालो.

आत्तीला मी लहानपणानंतर तेव्हाच बघत होतो. अण्णांसारखंच नाक, अण्णांसारखीच रुंद हनुवटी, आणि हात असे उडत होते की ते लपवायला ती डोक्यावरचा पदर सारखा सारखा नीट करायची. पदर नीट करायलाच हात उचललाय असं दाखवायची. डब्यातली माणसं बघत होती. एकजण हळूच म्हणाला, "सकाळी सकाळीच?" आत्तीनं ऐकलं. आणि आमची आत्ती ती, बावड्याची. ताडकन म्हणाली, "व्हय, सकाळीच. तुला पायजे काय? बस हिकडं." तो माणूस हातकणंगल्याला उतरलाच. जयसिंगपुरात अण्णांनी भाजक्या शेंगा घेतल्या, स्वतः सोलून एकेक दाणा बहिणीच्या तोंडात घातला. इतक्या वर्षांचा रुसवा त्या शेंगांबरोबर संपला असावा, कारण तो नंतर कधी कुणाच्या बोलण्यात आला नाही.

डॉक्टर वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मराठी आमच्यासारखंच रांगडं. आत्तीला बघायला त्यांना फार वेळ लागला नाही. मग म्हणाले, "आता तुम्ही या." अण्णा म्हणाले, "मला काय झालंय? मी ठणठणीत हाय. पोराला बघा, त्याचा हात थरथरतोय." डॉक्टर म्हणाले, "पोराला नंतर. आधी बाप." आणि मग धोतर, काळी टोपी आणि कपाळावर विभूती अशा आमच्या अण्णांना त्यांनी जीभ बाहेर काढून तशीच धरायला लावली. बोटावर बोट टिपायला लावलं, भराभर. फरशीच्या रेघेवरनं टाचेला पायाचं बोट लावून चालायला लावलं. आकडे उलटे म्हणायला लावले, ते अण्णांनी दुकानदाराच्या तोऱ्यात म्हटले. जीव टांगणीला लागला होता, तरी जीभ काढून बसलेले अण्णा बघून मला हसू फुटलं. आत्तीलाही फुटलं. अण्णा जीभ आत न घेता आमच्यावर डोळे वटारत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांना कितव्या वर्षी सुरू झालं?" अण्णा म्हणाले, चाळिशीत. "बहिणीला?" पन्नाशीत बारीक सुरू झालं, सासरी झाकून ठेवलं होतं, असं आत्तीनंच सांगितलं. "आणि तुमचं वय?" अण्णा म्हणाले, साठीला टेकलोय. डॉक्टर खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "मग हे दुखणं तुमच्यात नाही. आणि तुमच्यात नाही म्हणजे तुमच्या पोरांत येऊ शकत नाही."

अण्णा म्हणाले, "पण डॉक्टर, आमच्यात हे एक पिढी सोडून येतं."

"कोण म्हणतो?"

"सगळे. माझ्या वडलांना झालं, त्यांच्या अज्जाला झालं. मधल्याला काय न्हाई."

"मधला किती वर्षांचा होऊन गेला?"

अण्णा बोटांवर मोजायला लागले. मधला, म्हणजे अज्जाचे वडील, भर तरुणपणात बैलगाडीखाली सापडून गेले होते. लग्न होऊन, एक पोरगा झाल्यावर. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सणावाराला त्यांच्या नावानं नैवेद्य निघायचा. पण माहीत असून कधी कुणी दोन आणि दोन एकत्र केले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्यातही होतं. बाहेर यायच्या आधी ते गेले, एवढंच. हे दुखणं उडी मारत नाही. बापात किंवा आईत असलं तर प्रत्येक लेकराला येण्याची नि न येण्याची सारखीच शक्यता. मुलगा असो, मुलगी असो, नाव काहीही असो. पण ज्याच्याकडं आलं नाही, त्याच्यापाशी ती वाट संपली. शंभर टक्के असं डॉक्टरानं कधी म्हणू नये. पण मी तुमच्या जागी असतो तर आज पेढे घेऊन घरी गेलो असतो."

मग माझा हात बघितला. काम काय करतोस, विचारलं. लेथवर, म्हणालो. दिवसभर हँडल दाबून धरतोस? होय. चहा किती पितोस? सांगितलं. झोप? ती नाहीच, म्हणालो. ते म्हणाले, "अरे मर्दा, मग हात थरथरणार नाही तर काय करणार? आत्तीचा हात बघ, तो उडतो, झटका देतो. तुझा नुसता दमलाय आणि भ्यालाय. चहा कमी कर, झोप, आणि लग्न कर." लग्नाचं मी त्यांना सांगितलंही नव्हतं. तोंडावर लिहिलेलं असावं.

आत्तीच्या दुखण्याला मात्र औषध नव्हतं, आणि ते त्यांनी तिला सरळ सांगितलं. झटके कमी करायच्या गोळ्या दिल्या, पण हे वाढत जाणार, म्हणाले. मला वाटलं ती कोसळेल. तिनं विचारलं, "म्हंजे मला लागिर न्हाई?" नाही. "माझ्या हातनं काय पाप घडलं न्हाई?" नाही हो बाई. "अप्पाचंच हाय न्हवं हे?" डॉक्टर म्हणाले, हो, तुमच्या वडिलांकडनं आलंय. आत्तीनं पदर नीट करायचा नाद सोडला, हात मांडीवर उडू दिले आणि म्हणाली, "मग असू दे. अप्पाचं हाय, तर असू दे. तेवढं कोंबडं उतरायचं बंद करा म्हणून माझ्या सासूला सांगा." त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. अण्णा तिला दर श्रावणात बावड्याला आणायचे, दुकानातच सगळ्यांच्या देखत बसवायचे, आणि गिऱ्हाईक बघायला लागलं की सांगायचे, "माझी बहीण हाय. वडलांचं दुखणं तिनं घेटलं म्हणून मी सुटलो." हे काही शास्त्राला धरून नव्हतं. पण अण्णांना तसं वाटायचं, आणि आत्तीला ते ऐकायला बरं वाटायचं.

मधेच आजचं सांगून टाकतो, कारण राहवत नाही. शिवानंदला ते आलं. चाळिशी ओलांडली आणि आलं. मी त्याला शेवटपर्यंत भेटत राहिलो, आणि दर वेळी परतीच्या एसटीत मनात यायचं की हा माझ्याच वयाचा. त्याचा पोरगा आता मलकापुरात हॉटेल चालवतो. आता रक्ताची तपासणी निघालीय, दुखणं बाहेर यायच्या कितीतरी आधी कळतं. करावी की न करावी, यात त्या पोराची दोन वर्षं गेली. तपासणीच्या डॉक्टरांनीही आधी बसवून नीट विचारलं, कळून घ्यायचं आहे का, ते झेपेल का. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "बोल की रं लेका." तर म्हणाला, "न्हाई काका. माझ्यात न्हाई." मी फोन हिच्या हातात दिला आणि परसात जाऊन तोंड धुतलं.

तर त्या दिवशी आम्ही मिरजेहून परत आलो ते दिवेलागणीच्या आत. अण्णांनी खरंच पेढे आणले होते. आई दुकानाच्या दारातच उभी. नुसती आमच्या तोंडांकडं बघतेय. अण्णांनी टोपी काढली, गादीवर बसले, आणि डब्यांतनं दोन दाणे काढून तिच्यापुढं ठेवले. एक साबुदाण्याचा, एक मिऱ्याचा.

"हे बघ. अप्पाकडं असे दोन दाणे हुते. एक साबुदाणा, एक मिरं. लेकराला दोन्ही द्यायचे न्हाईत, एकच द्यायचा. कुठला, ते आपल्या हातात न्हाई. आक्काला मिरं गेलं. मला साबुदाणा."

"तुमाला साबुदाणा, हे कशावरनं?"

"मिरं असतं तर ह्या वयापतोर बाहेर आलं असतं. डॉक्टरनं माझी जीभ बघितली, बोटं बघितली, रेघेवरनं चालवलं मला."

"आन् बाळूला?"

"बाळूला एक दाणा माझ्याकडचा, एक तुझ्याकडचा. माझ्याकडं आता मिरं न्हाईच. दुकानात जो माल न्हाई तो मी गिऱ्हाइकाला घालू कुठनं?"

आई त्या दाण्यांकडं बघत राहिली. म्हणाली, "आन् माझ्याकडचे?"

"तुझे दोन्ही पांढरेच की."

"ते मला ठावं हाय," आई म्हणाली. तिनं मिऱ्याचा दाणा उचलला, निरखून बघितला आणि परत मिऱ्याच्या डब्यात टाकला. वाया कशाला घालवायचा. मग आत्तीचा हात धरून, तो उडत असताना तसाच धरून, तिला आत घेऊन गेली. बहिणींपैकी धाकटी तेवढी घरात होती, ती पेढ्याचा पुडा सोडायला लागली. मी ज्वारीच्या पोत्यावर बसलो. काय वाटत होतं सांगू? हलकं वाटत होतं, आणि भूक लागली होती. अशी भूक की मिरजेपासनं नव्हे, लहानपणापासनं जेवलो नसल्यासारखी. अण्णांनी फळ्यांवरची धूळ झटकली, दिवा लावला. एक बाई साखर न्यायला आली. अण्णांनी तराजू उचलला.

आणि आतनं हाक आली.

"ईराप्पा! ए ईराप्पाऽऽ! चहा घे की रं!"

आईचा आवाज. खणखणीत. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. समोरच्या शिंप्यानं मशीनवरचा पाय थांबवला आणि मान वर केली. साखरेला आलेल्या बाईनं तोंडावर हात ठेवला. सून सासऱ्याचं नाव घेऊन ओरडतेय, तीही दिवेलागणीला. अण्णांच्या मुठीतली साखर सुटून पारड्यात भसकन पडली आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा काटा एका बाजूला कलंडला. त्यांनी जास्तीची साखर काढली नाही. "न्ह्या तशीच," म्हणाले, आणि डोळे पुसले.

"ओ!" मी ओरडलो. आणि आत गेलो.

चुलीपुढं आत्ती बसली होती, शेजारी बहीण, दोघी पेढे खात कसल्याशा गोष्टीवर हसत होत्या. आईनं माझा कप पुढं सरकवला. काठोकाठ. वर साय, चहा काठाच्याही वर आलेला. मी उजव्या हातानं उचलला. हात अजून दमलेला होता, बोटं थरथरली, थोडा चहा बशीत सांडला, थोडा माझ्या गुडघ्यावर. आई आत्तीला विचारत होती, निपाणीकरांना निरोप कुणाबरोबर धाडावा. कुणी माझ्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही.